म्युनिकच्या भाड्याच्या घरासाठी वॉशिंग मशीन कोणतं घ्यावं?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही म्युनिकमध्येच दुसऱ्या घरात राहायला जातोय. आत्ताचं घर सामानासकट भाड्याने घेतलेलं, मशीन घरमालकाचं, त्यामुळे या विषयात कधी डोकं घातलं नव्हतं. नवं घर इथल्या अर्थाने रिकामं आहे. म्हणजे आधीचा भाडेकरू स्वयंपाकाचा ओटा आणि सिंकसुद्धा उचलून नेणार! जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

घरात आम्ही दोघं आणि दीड वर्षाचा मुलगा. हिवाळ्यात सासूबाई व्हिसाचे तीन महिने पुरेपूर वापरून राहणार आहेत. पुण्यात आमच्याकडे टॉप लोड होतं. वाकायला लागायचं नाही, मध्येच राहिलेला मोजा टाकता यायचा. इथे तसं मिळतं का? धुणारं आणि सुकवणारं एकातच असलेलं मशीन घ्यावं का? आणि ब्रँड कोणता? दुकानातला मुलगा फक्त ऊर्जेच्या लेबलबद्दल बोलत राहिला. बजेट सगळं मिळून हजार-अकराशे युरो. अनुभव लिहा.

गवतीचहा

ब्रँडचं नंतर बघा, आधी टेप घेऊन नव्या घरी जा. नळाची जोडणी कुठे आहे? बाथरूममध्ये, स्वयंपाकघरात, की तळघरातल्या सामाईक धुण्याच्या खोलीत? काही इमारतींत तळघरात प्रत्येक घराची ठरलेली जागा आणि स्वतंत्र वीज मीटर असतो. तसं असेल तर जागेचे निम्मे प्रश्न मिटले, फक्त बादली घेऊन जिने चढायची तयारी ठेवा.

इथलं नेहमीचं मशीन ६० सेंमी रुंद आणि ८५ सेंमी उंच असतं. पाठीमागचा पाइप आणि दाराचा फुगवटा धरून खोली कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त लागते. जुन्या इमारतींत बाथरूमचं दारच जेमतेम साठ सेंमीचं असू शकतं, तेही मोजा. जिन्याचं वळण मोजायला विसरू नका.

कोकणकडा

टॉप लोडबद्दल. युरोपात ज्याला टॉप लोडर म्हणतात ते पुण्यातलं नव्हे. झाकण वर असतं खरं, पण आतला ड्रम फ्रंट लोडसारखाच आडवा फिरतो. ड्रमलाही एक झडप असते, ती उघडून कपडे भरायचे. रुंदी ४० ते ४५ सेंमी, त्यामुळे चिंचोळ्या बाथरूमसाठी उत्तम, पण क्षमता बहुतेक सहा-सात किलो. वाकावं लागत नाही हा फायदा आहे. पण त्यावर ड्रायर चढवता येत नाही, आणि तुमच्या घरात ड्रायरचा मुद्दा मोठा ठरणार असं मला दिसतंय.

मध्येच मोजा टाकायचं म्हणाल तर हल्लीच्या अनेक फ्रंट लोडना सुरुवातीच्या टप्प्यात थांबवून कपडे टाकायची सोय असते.

खडीसाखर

धन्यवाद! आडव्या ड्रमचं टॉप लोड हे माहीतच नव्हतं. अजून एक: दुकानात बघितलेल्या मशीनचा इको प्रोग्राम साडेतीन तासांचा होता. साडेतीन तास?? पुण्यात पाऊण तासात दोरीवर असायचे कपडे.

कोकणकडा

पाऊण तासात दोरीवर, आणि त्याआधी कॉलर कोण घासत होतं? :)

गंमत बाजूला. १९५९ साली हेंकेलमधल्या हर्बर्ट झिनर या रसायनतज्ज्ञाने धुलाईचं एक वर्तुळ मांडलं. त्याचे चार वाटे: घासणं-आपटणं, साबण, तापमान आणि वेळ. एक वाटा कमी केला तर बाकीच्यांनी तो भरून काढायचा. इको ४०-६० मध्ये पाणी कमी घेतात आणि तापवतातही कमी, कारण मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. मग भरपाई वेळेने होते. लेबलवरचा आकडा याच प्रोग्रामवर काढलेला असतो. १ मार्च २०२१ पासून लेबल पुन्हा ए ते जी असं झालंय, जुनी ए-तीन-प्लसची भानगड गेली. त्यावर १०० धुण्यांना किती युनिट वीज लागते ते लिहिलेलं असतं. ए वर्गातल्या आठ-नऊ किलोच्या मशीनला पन्नासच्या आसपास, म्हणजे एका धुण्याला अर्धं युनिट. युनिट ३०-३५ सेंट धरलं तर दोन वर्गांतला फरक वर्षाला काही युरोंचा. त्यासाठी दोनशे युरो जास्त मोजू नका.

त्याच लेबलवर खाली डेसिबल असतात. ते मात्र वाचा.

दुपारची झोप

डेसिबलला अनुमोदन. आमच्या खालच्या आजींनी दारावर चिकटवलेली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. इतकं सुंदर हस्ताक्षर आणि इतका सभ्य अपमान मला भारतात कोणी केला नव्हता.

बाभूळ

चिठ्ठी येण्याआधी हाउसओर्डनुंग वाचा, म्हणजे इमारतीचे नियम. रात्री १० ते सकाळी ६ शांतता सगळीकडेच, रविवारचं इमारतीगणिक वेगळं. स्वस्त विजेसाठी रात्री मशीन लावणं वगैरे कल्पना लाकडी तक्तपोशीच्या घरात चालत नाहीत. पिळतानाचा आवाज ७२ डेसिबल आणि ७९ डेसिबल यांत बराच फरक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नव्या मशीनच्या पाठीमागे ड्रम घट्ट धरून ठेवणारे लांब बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून. ते काढल्याशिवाय मशीन लावायचं नाही. लावलं तर ते खोलीभर चालत फिरतं आणि आतून मोडतं. काढलेले बोल्ट फेकू नका, पुढच्या घरी जाताना पुन्हा लावावे लागतात. जर्मनीत भाडेकरू म्हणजे घर बदलणार हे धरूनच चाला.

वळचण

न्यू जर्सीहून लिहितोय. तुमचा धागा वाचून नवल वाटलं. इकडे २७ इंचांची जोडी घ्यायची, ड्रायरला २४० व्होल्टचा वेगळा सॉकेट नाहीतर गॅस, आणि गरम हवा भिंतीतल्या नळीने घराबाहेर. तासाभरात टॉवेल कुरकुरीत. एवढ्या प्रगत देशात लोक अजून स्टँडवर कपडे का वाळत घालतात?

गवतीचहा

वळचण, कारण भाड्याच्या जुन्या घरात भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढायची परवानगी कोण देणार? शिवाय वीज महाग. इथे नळीशिवायचेच ड्रायर, आणि आता तर उष्मापंपाचेच, म्हणजे आतल्या हवेतली उष्णता पुन्हा वापरणारे. १ जुलै २०२५ पासूनच्या युरोपीय नियमांमुळे नवे ड्रायर त्याच प्रकारचे येतात. हीटरवाला जुना ड्रायर एका भरलेल्या घाण्याला चारएक युनिट खायचा, हा दीडएक युनिटमध्ये भागवतो. वेळ जास्त घेतो, पण कपडे भाजून काढत नाही. पाणी आतल्या टाकीत जमतं, ते ओतायचं किंवा पाइप सिंकला जोडायचा.

खडीसाखर, माझं मत विचाराल तर तुमचा खरा प्रश्न सुकवण्याचा आहे. धुणारं मशीन इथे कुठलंही घेतलं तरी कपडे स्वच्छ निघतात. नोव्हेंबरात ते वाळणार कुठे? मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळल्यावरही सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याइतकं पाणी उरतं. आठ किलोचं धुणं स्टँडवर घातलंत की चार लिटर पाणी बैठकीच्या खोलीच्या हवेत गेलं. बाहेर शून्याखाली, आत हीटर, खिडक्या बंद. ते पाणी जाऊन बसतं थंड कोपऱ्यात आणि कपाटामागच्या भिंतीवर. फेब्रुवारीत कपाट सरकवलं की काळी बुरशी. मग घरमालक म्हणणार तुम्ही हवा खेळती ठेवली नाही, तुम्ही म्हणणार भिंतच थंड आहे, आणि हे भांडण वकिलापर्यंत जातं. मी एका घराच्या अनामत रकमेतला मोठा हिस्सा याच भांडणात गमावलाय.

ड्रायर नसेल तर एकाच खोलीत कपडे घाला, तिचं दार बंद ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदला. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवून काही होत नाही, भिंती तेवढ्या गार होतात.

खडीसाखर

बाप रे. आमच्या आत्ताच्या घरात खिडकीच्या कडेला काळे ठिपके आहेतच, मी पुसत असते. मग एकातच दोन्ही असलेलं घेतलं तर? जागाही वाचेल.

कोकणकडा

लहान मूल असेल तर नको. नऊ किलो धुणाऱ्या मशीनची सुकवायची क्षमता पाच-सहा किलोच असते. म्हणजे पूर्ण धुतलेल्यातलं अर्धं बाहेर काढायचं आणि सुकवणं दोन वेळा करायचं. धुणं-सुकवणं सलग म्हणजे पाच-सहा तास सहज, तोवर दुसरं धुणं लावता येत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये वाफ थंड करायलाही नळाचं पाणी वापरतात. एक बिघडलं की दोन्ही बंद. एकट्या माणसाच्या एका खोलीत ठीक आहे.

दोन वेगळी घ्या, एकावर एक ठेवा. मध्ये जोडचौकट लागते, नुसतं वर ठेवू नका, पिळताना वरचा ड्रायर सरकतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, प्रत्येकाला भिंतीतला स्वतःचा सॉकेट हवा.

नवखा_मी

मी पुढच्या वर्षी नोकरीसाठी जाणार आहे. पुण्यात नवं कोरं फ्रंट लोड आहे, ते नेता येईल का?

कोकणकडा

विजेच्या दृष्टीने अडचण नाही, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पण सत्तर किलोचा धोंडा जहाजाने आणण्याचं भाडं, इथे वॉरंटी नाही, सुट्या भागांची मारामार. कोणा नातेवाइकाला देऊन टाका.

अबोली

लंडनहून. आमच्याकडे मशीन स्वयंपाकघरात ओट्याखाली, कारण इथे बाथरूममध्ये सॉकेटच नसतो. माझा मुद्दा मशीनचा नाही, हळदीचा. दीड वर्षाचा मुलगा म्हणजे वरणभात, आणि वरणभात म्हणजे पिवळी लाळेरी. द्रव साबणाने ते डाग वर्षभर राहिले, पावडरवर आल्यावर फिके झाले. असं का?

कोकणकडा

पावडरमध्ये ऑक्सिजन सोडणारं ब्लीच घालता येतं, द्रवात ते टिकत नाही म्हणून नसतं. जर्मनीत खोक्यावर फोलवाश्मिटेल लिहिलेली पावडर पांढऱ्या सुती कपड्यांसाठी, कलरवाश्मिटेल रंगीतसाठी, त्यात ब्लीच नसतं. हळदीवर साबण लागला की डाग लाल होतो तेव्हा घाबरायचं नाही. हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, विसळल्यावर पुन्हा पिवळं. त्याला खरा मारक उजेड. आजी उन्हात टाकायची ते बरोबरच होतं. ढगाळ दिवशीही बाल्कनीत ठेवलं तर हळूहळू उडतं. म्हणजे ड्रायर घेतलात तरी लाळेरी बाहेरच घाला.

गवतीचहा

आणि म्युनिकचं पाणी कठीण आहे हे लक्षात ठेवा. जर्मनीत कठीणपणाच्या मापावर १४ अंशांच्या वर गेलं की कठीण धरतात, आपलं त्याच्याही वर. साबणाच्या खोक्यावर पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे मापं दिलेली असतात, त्यातलं कठीणचं माप बघा. कमी घातलं तर वर्षभरात टॉवेल राखाडी आणि खरखरीत होतात. जाहिरातीतली क्षार घालवणारी वेगळी वडी मी घेत नाही. पावडरमध्येच ते घटक असतात, माप बरोबर घेतलं की पुरतं.

महिन्यातून एकदा तरी ६० अंशांवर पावडर घालून धुणं लावा. कायम ३० वर द्रव साबणाने धुणाऱ्यांच्या मशीनला ओल्या फडक्यासारखा वास येतो. धुणं झालं की दार उघडं ठेवा, पण तुमचा छोटा आत डोकं घालणार, तेव्हा बाथरूमचं दार बंद. बटणांना बालकुलूप असतं, ते शोधून ठेवा.

खडीसाखर

ब्रँडबद्दल कोणीच बोलत नाही! ऑफिसातले जर्मन एकमुखाने मीले म्हणतात.

दुपारची झोप

ऑफिसातल्या जर्मनांची स्वतःची घरं आहेत.

बाभूळ

झोपेने मुद्द्याचं बोलून टाकलं. मीले उत्तमच, २० वर्षं चालावं अशा हिशोबाने तपासतात, पण किंमत नऊशे-हजारापासून पुढे. तुमचं सगळं बजेट एकट्या धुण्यात जाईल. "जर्मनीत बनलेलं" म्हणून घेणार असाल तर २०२४ मध्ये कंपनीने घरगुती वॉशिंग मशीनचं उत्पादन पोलंडला हलवत असल्याचं जाहीर केलंय. बॉश आणि सीमेन्स ही घरगुती यंत्रं एकाच कारखानदाराची, एईजी इलेक्ट्रोलक्सची. बॉश आणि सीमेन्सच्या आत डोकावलं तर फरक नावापुरते. २०२१ च्या नियमांनी वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही किमान १० वर्षं मिळायला हवेत, त्यामुळे मधल्या किमतीचं घेतलं तरी दुरुस्ती होते.

मी स्वतः वापरलेलं घेतो. ड्रम हाताने फिरवायचा, घरघर आली तर बेअरिंग गेलंय, सोडून द्यायचं. दाराच्या रबराची घडी उलटून बघायची. विकणाऱ्याकडे ते लांब बोल्ट आहेत का विचारायचं. नसतील तर जिन्यावरून उतरवतानाच त्याची वाट लागते.

गवतीचहा

तिसऱ्या मजल्यावर वापरलेलं मशीन कोण चढवणार, बाभूळ? तुमचे मित्र तरुण दिसतात.

खडीसाखर, नवं मागवाल तेव्हा डिलिव्हरीची ओळ नीट वाचा. "फ्राय बोर्डश्टाइनकांटे" असेल तर मशीन फुटपाथच्या कडेपर्यंत येतं आणि गाडी निघून जाते. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं मशीन पावसात रस्त्यावर उभं होतं. वापरायच्या जागेपर्यंत पोचवणं, जोडून देणं, पॅकिंग नेणं हे वेगळे पैसे देऊन घ्यायचं. ते पैसे वाचवू नका.

अजून एक. आपल्याकडे मोरीला उतार असतो, पाणी गेलं तर जाळीतून जातं. इथे बऱ्याच बाथरूममध्ये जमिनीत जाळीच नसते, स्वयंपाकघरात तर नाहीच. पाइप सुटला की पाणी लाकडातून थेट खालच्या घरात. म्हणून गळती झाल्यावर नळाशीच पाणी बंद करणारा पाइप असलेलं मशीन घ्या, धुणं चालू असताना घरी थांबा, आणि दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा नसेल तर मशीनच्या आधी तो काढा.

खडीसाखर

काल मोजून आले. बाथरूमचं दार ६१, म्हणजे मशीन कसंबसं जाईल पण वळणार नाही. जोडणी मात्र स्वयंपाकघरातही आहे, सिंकच्या शेजारी, दोन सॉकेट, वर उघडी भिंत. तळघरात काही नाही. घरमालकीणबाईंना विचारलं, त्यांचं ड्रायरला काही म्हणणं नाही. उलट "हो हो, घ्याच" म्हणाल्या. बुरशीचा अनुभव त्यांनाही असावा.

ठरवलंय असं: धुण्याचं मशीन साधं, आठ किलो, १४०० फेऱ्या, ऑफरमध्ये साडेचारशेच्या आत. उरलेल्यातून उष्मापंपाचा ड्रायर आणि जोडचौकट. बरोबर चाललंय ना?

सासूबाईंच्या साड्यांचं काय करायचं तेवढं सांगा. त्या हाताने धुतो म्हणतात, पण इथे धुणार कुठे, आंघोळीच्या टबात वाकून? सहावारी सुतीच असतात, एखादी सिल्क.

अबोली

सिल्क मशीनला दाखवूही नका. सुती साडी घडी घालून जाळीच्या पिशवीत. मोकळी टाकली तर बाकीच्या कपड्यांभोवती दोरखंडासारखी आवळते आणि पिळताना मशीन थडथडतं. ३० अंश, फेऱ्या ८०० वर आणा, रंग जाणारी पहिल्यांदा एकटीच. ड्रायरमध्ये नको, दाराच्या वरून टाकली तरी रात्रीत वाळते.

माझी आई आली की मशीनच्या बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवते मी: "सुती", "बाळाचे", "नुसतं पिळणं". जर्मनमध्ये तर नक्कीच लागतील. पहिल्या आठवड्यात त्या शेजारी खुर्ची घेऊन बसतील, साडेतीन तास. बसू द्यात.

कोकणकडा

बरोबर चाललंय. एकावर एक ठेवताना मशीन खाली, ड्रायर वर, उलट नाही. जोडचौकट दोन्ही मशीनच्या खोलीला बसते का ते मागवण्याआधी बघा, सगळ्या चौकटी सगळ्यांना बसत नाहीत. ड्रायरची टाकी वरच्या बाजूला येते, म्हणजे सासूबाईंचा हात पुरेल का तेही बघा. नाहीतर पाण्याचा पाइप सिंकच्या निचऱ्याला जोडून टाका.

खडीसाखर

हात पुरणार नाही, त्या पाच फुटांच्या आतल्या. पाइपच जोडून घेते. वापरायच्या जागेपर्यंत डिलिव्हरी निवडली, दोन्ही एकाच दिवशी येतील. आत्ता फक्त चौकटीचं माप दुकानाला लिहून विचारलंय.

बाभूळ

बोल्ट.

खडीसाखर

हो हो, बोल्ट! काढायचे आणि ठेवायचे. नवऱ्याला सांगितलंय, तो म्हणतो पासपोर्टच्या फायलीत ठेवू.